क्षुल्लक वाद आणि गावचे प्रश्न
(समाजाच्या वार्षिक संमेलनात मुर्धा येथे केलेले भाषण)



चिटणिसांनी मला 'आजचे राजकारण आणि आपला समाज' हा विषय नेमून दिला आहे. हा विषय इतका विस्तीर्ण आहे की त्यावर बोलणाऱ्याने एकतर सर्वांची स्तुती करावी किंवा सर्वांची निंदा करावी आणि टाळ्या घेऊन खाली बसावे. मला दोन्ही गोष्टी टाळावयाच्या आहेत. म्हणून मी एकच घटना विचारासाठी घेतो. ती दूरची नाही, आपल्याच शहरात, रेल्वेच्या पलीकडे घडलेली आहे.

इयत्ता पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्यासंबंधी शासनाने 2025 च्या एप्रिलमध्ये व जूनमध्ये निर्णय काढले, आणि लोकमत खवळल्यावर 29 जूनला ते मागे घेतले. त्याच सुमारास मिरा रोड येथील एका दुकानात पाण्याची बाटली घेण्यास महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे काही कार्यकर्ते गेले. मराठीवरून बोलाचाली झाली आणि दुकानदारास चापटी मारण्यात आल्या. कोणीतरी ती चित्रफीत सर्वत्र पसरविली. 3 जुलैला व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मोर्चा काढला. 8 जुलैला मराठीवादी संघटनांनी उलट मोर्चा पुकारला. पोलिसांनी परवानगी नाकारून पहाटेच धरपकड केली, तरी मोर्चा निघालाच. त्यात सामील होण्यास आलेले मंत्री प्रताप सरनाईक यांना लोकांनी घोषणा देऊन परत धाडले. पाठोपाठ पोलीस आयुक्तांची बदली झाली. झारखंडातील खासदार निशिकांत दुबे यांनी आपटून मारण्याची भाषा केली, आणि 18 जुलैच्या मिरा रोडच्या सभेत राज ठाकरे यांनी त्यांना समुद्रात बुडविण्याची भाषा ऐकविली. जवळजवळ तीन आठवडे सर्व वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे आपल्या शहरावर रोखलेले होते. इतके भाग्य या शहराला पूर्वी क्वचितच लाभले असेल!

कोणी गैरसमज करून घेऊ नये. मराठीचा प्रश्न क्षुल्लक आहे असे माझे म्हणणे यत्किंचितही नाही. या भूमीत राहून व्यवसाय करणाऱ्याने येथील भाषेचा मान राखावा, ही अपेक्षा न्याय्यच होय. क्षुल्लक आहे तो बाटलीवरचा वाद, आणि त्या वादालाच भाषेचा प्रश्न म्हणून मिरविणे. भाषेच्या रक्षणाची खरी साधने कायद्यात यापूर्वीच आलेली आहेत. 1964 चा राजभाषा अधिनियम आहे, सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा 2020 चा कायदा आहे, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही दिला आहे. आपल्या शहरातील किती शाळा 2020 च्या कायद्याप्रमाणे मराठी शिकवितात, कोणत्या इयत्तेपर्यंत शिकवितात, आणि शिकविण्यास पुरेसे शिक्षक आहेत काय, हे दारोदार जाऊन पाहणारा एकही पुढारी अथवा वार्ताहर त्या तीन आठवड्यांत माझ्या पाहण्यात आला नाही. त्या कामात धक्काबुक्की नसते, म्हणून चित्रही मिळत नाही.

आणि मराठी म्हणजे तरी कोणती? आपल्या आज्या जी आगरी बोली बोलत, ती शाळेत बोलणाऱ्या मुलास आजही हसतात, आणि हसणारे पुष्कळदा मराठीच असतात. लग्नात धवले गाणाऱ्या धवलारिणी एकेक करून नाहीशा होत आहेत. त्यांच्याबरोबर शब्दांचे केवढे भांडार जाते, याची नोंद ठेवण्यास कोणी मोर्चा काढला नाही. असो.

आता दुसरी गोष्ट ऐका. मिरा-भाईंदर महानगरपालिकेची निवडणूक 2017 च्या ऑगस्टमध्ये झाली आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतरचे मतदान झाले ते 15 जानेवारी 2026 रोजी. म्हणजे ज्या जुलै महिन्यात मंत्री, खासदार, पक्षप्रमुख आणि वाहिन्या आपल्या शहराच्या नावाने आकाशपाताळ एक करीत होत्या, त्या महिन्यात या शहराच्या महानगरपालिकेत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता! आठ लाखांवर वस्ती असलेल्या शहराचा पाणी, रस्ते, कचरा व कर यांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या एका सहीने चालला. नळाला पाणी आले नाही तर गाऱ्हाणे कोणाच्या ओटीवर न्यावे, हे आपल्या माताभगिनींना ठाऊक नव्हते. लोकशाहीत याहून मोठी बातमी कोणती असावी? परंतु रिकामे सभागृह हे पडद्यावर दाखविण्यासारखे दृश्य नव्हे. तेथे कोणी कोणास चापट मारीत नाही.

आपल्या गावाच्या जमिनीचेही तेच. मेट्रो मार्ग क्रमांक 9 ची कारशेड प्रथम राई, मुर्धा व मोर्वा या आपल्याच गावांच्या जमिनीवर व्हावयाची होती. घरे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शेते जातील म्हणून ग्रामस्थांनी विरोध केला, आणि अखेरीस कारशेड डोंगरीस नेण्याचे ठरले. आपण सुटलो, असे पुष्कळांना वाटले. परंतु डोंगरीच्या टेकडीवरील बारा हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव 2025 मध्ये पुढे आला आणि तेथील लोकांना हरकतींचे अर्ज लिहीत बसावे लागले. डोंगरी-उत्तनचे आगरी, कोळी आणि ख्रिस्ती बांधव हे आपले सख्खे शेजारी होत. आपल्या दारातले संकट त्यांच्या दारात गेले, एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. त्यांच्याच माथ्यावर धावगीच्या डोंगरावर साऱ्या शहराचा कचरा जातो, आणि त्याला वारंवार आग लागून धूर घराघरांत शिरतो. काही वृत्तपत्रांनी, विशेषतः स्थानिक वार्ताहरांनी, या गोष्टी नेटाने छापल्या, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्यांच्या बातमीवर मंत्री धावत आले नाहीत की कोणा आयुक्ताची बदली झाली नाही. पुढारी जातो तो कॅमेरा असेल तेथे, आणि कॅमेरा जातो तो हात उगारलेला असेल तेथे. तरुणांनी हात उगारावयास शिकावे, यात नवल ते काय?

या ठिकाणी मला आपल्या समाजाच्या एका जुन्या लढ्याची आठवण द्यावीशी वाटते. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी 1933 पासून 1939 पर्यंत खोतांची जमीन कसली नाही. नेते होते नारायण नागू पाटील. सहा वर्षे शेते ओसाड राहिली. लोकांनी रानातून लाकूड आणून विकले, खाडीतले मासे धरले, उपासही काढले, परंतु नांगर धरला नाही. त्या चळवळीतून 'कृषीवल' हे पत्र निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळकायद्याचा पाया या लढ्याने घातला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. न पेरलेल्या शेतासमोर सहा वर्षे उभी राहील अशी वाहिनी आज कोठे आहे? आणि न पेरलेल्या शेतावर सहा वर्षे भाषण करील असा पुढारी तरी कोठे आहे?

दि. बा. पाटील साहेबांच्या बाबतीतही मला हेच दिसते. नवी मुंबईच्या विमानतळास त्यांचे नाव लाभावे, ही आपणा सर्वांची मागणी आहे. 2021 मध्ये त्यासाठी समाज रस्त्यावर उतरला आणि 2022 मध्ये विधिमंडळाने तसा ठरावही केला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. नाव हवेच. परंतु 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबारात पाच शेतकरी पडले, ते नावाच्या पाटीसाठी नव्हे. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी पडले, आणि त्यांच्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. नावावरून कोणत्या पक्षाने काय म्हटले, ते प्रत्येक पोरास पाठ आहे. साडेबारा टक्क्यांपैकी कोणाच्या पदरात किती पडले, हे विचारले तर मोठमोठे गप्प बसतात.

पुढाऱ्यांना दूषणे देऊन मी थांबणार नाही, कारण त्यांना ऐकू जाणार नाही. ऐकणारे आपणच आहोत. आता सभागृहात पुन्हा नगरसेवक आले आहेत, आणि उद्या ते आपल्या मंडपात हार घेण्यास येतील. त्यांना विचारण्यासारखे आपल्यापाशी लेखी काही असावे, म्हणून चिटणिसांनी माझ्या विनंतीवरून प्रवेशद्वाराशी एक जाड वही ठेवली आहे. कोणी कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज दिला, कोणत्या तारखेस दिला, उत्तर काय आले की आलेच नाही, एवढेच तीत लिहावयाचे. 2005 च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांच्या शुल्कात आणि तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर मागता येते. आपल्या समाजात आज पदवीधर मुली पुष्कळ आहेत, अर्ज लिहिण्याचे काम त्यांनी अंगावर घ्यावे अशी माझी विनंती आहे. वहीची पहिली पाने कारशेडच्या कागदपत्रांसाठी मोकळी सोडली आहेत. राई, मुर्धा, मोर्वा येथील ज्या मंडळींनी त्या वेळी हरकती दिल्या होत्या, त्यांनी पोचपावतीच्या प्रती पुढील रविवारपर्यंत आणून द्याव्यात. डोंगरीची मंडळी त्या मागत आहेत.