रखवालदार फितूर होतो तेव्हां

भाजी चिरतांना बोट कापलें, तर घरांत कोणी वैद्याकडे धांवत नाहीं. बोट क्षणभर दाबून धरावें, रक्त आपोआप थांबतें. या नित्याच्या गोष्टीमागें केवढी यंत्रणा उभी आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तीच यंत्रणा स्तनाच्या कर्करोगांत शत्रूची चाकरी कशी पत्करते, हें आज पाहावयाचें आहे.

खामगांव हें कापसाच्या बाजाराचें जुनें गांव. 1870 सालीं जलंबहून येथवर आगगाडीचा फांटा आला, तो मुख्यतः कापसासाठींच. कापसापासून सूत आणि सुतापासून कापड हें ज्या गांवाला शिकवावें लागत नाहीं, त्याला रक्ताच्या गुठळीची घडण सहज उमगेल. रक्तांत फायब्रिनोजेन नांवाचें प्रथिन विरघळलेलें असतें. तो जणूं पिंजलेला कापूस. थ्रॉम्बिन हें दुसरें प्रथिन त्यापासून फायब्रिनचें सूत काढतें. त्या सुताच्या जाळ्यांत रक्तपेशी अडकतात आणि जखमेचें तोंड बंद होतें. एरव्हीं हा चरखा स्तब्ध असतो. त्याला गति देणारें ‘टिश्यू फॅक्टर’ हें प्रथिन मुख्यतः रक्तवाहिनीच्या बाहेरील पेशींवर असतें. वाहिनी फुटून रक्ताची व त्याची गांठ पडली, कीं एकामागून एक प्रथिनें जागीं होतात व शेवटीं थ्रॉम्बिन तयार होतें. काम संपल्यावर प्लाझ्मिन हें प्रथिन तें जाळें उसवून टाकतें.

आतां फितुरी कशी होते तें पाहूं. स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक गांठींतील पेशी हें टिश्यू फॅक्टर मोठ्या प्रमाणांत बाळगतात. जखम नसतांही जखमेची हांकाटी होते आणि थ्रॉम्बिन बनूं लागतें. तें सूत काढून थांबत नाहीं. पेशींना वाढण्याचे व जागा सोडण्याचे इशारेही देतें. फायब्रिनच्या जाळ्याच्या आधारानें, मांडवावर वेल चढावा तशा नव्या रक्तवाहिन्या गांठींत शिरतात. एखादी कर्कपेशी रक्तांत उतरली, तर प्लेटलेट नांवाच्या सूक्ष्म कणिका तिला वेढून शरीराच्या रक्षक पेशींपासून लपवितात. जाळें उसवणारी बाजूही निर्दोष राहत नाहीं. प्लाझ्मिनला जागें करणारें युरोकायनेज वापरून कर्कपेशी भोंवतालच्या ऊतींतून वाट काढतात. अमेरिकन रोगविज्ञ हॅरोल्ड ड्वोरॅक यांनीं 1986 सालीं अशा गांठींना कधींही न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली, ती किती यथार्थ आहे!

हा संबंध प्रथम रुग्णशय्येजवळ दिसला. पॅरिसचे डॉक्टर आर्मां ट्रूसो यांनीं 1865 सालीं शिरांतील गुठळ्या व कर्करोग यांचें नातें सांगितलें. 1867 सालीं तेंच लक्षण त्यांना स्वतःच्या अंगीं दिसलें आणि त्याच वर्षीं जठराच्या कर्करोगानें त्यांचें निधन झालें. महाराष्ट्रांत, 1917 सालीं पुण्यास जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं मुंबईंत उंदरांच्या स्तनकर्करोगाचा वर्षानुवर्षें अभ्यास केला आणि त्यांतील आनुवंशिकता, संप्रेरकें व विषाणू यांचे धागे उलगडून दाखविले.

गृहस्थाश्रमी माणसानें या ज्ञानाचा उपयोग काय करावा? कर्करोग असतां पायाच्या शिरेंत गुठळी होण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया, फार काळ अंथरुणावर पडून राहणें, कांहीं रसायनोपचार आणि टॅमॉक्सिफेन हें औषध यांनीं तो आणखी वाढतो. ती गुठळी सुटून फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेतते. म्हणून उपचार घेणाऱ्या स्त्रीचा एकच पाय सुजला वा दुखूं लागला, तर तेल लावून चोळूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. एकाएकीं दम लागला किंवा छातींत कळ आली, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. रक्त पातळ करणारीं औषधें गुठळीवर गुणकारी आहेत. परंतु त्यांनीं कर्करोग बरा होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. तीं आपल्या मनानें घेऊं नयेत, चालूं असलेलीं आपल्या मनानें सोडूंही नयेत.

आणि सर्वांत आधीं, स्तनांत गांठ लागली तर ती लपवूं नये. टाटा स्मारक रुग्णालयानें 1998 पासून मुंबईंतील सुमारें दीड लाख स्त्रियांवर केलेल्या पाहणीचा निष्कर्ष 2021 सालीं प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित सेविकांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातानें तपासणी केल्यानें रोग लौकर उमगला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्यानें होणारे मृत्यु सुमारें तीस टक्क्यांनीं घटले. हें काम मोठ्या यंत्रांवांचून झालें. घरची सून किंवा सासू संकोचानें गप्प राहते, तेव्हां तिला धीर देऊन तपासणीस नेणें हें घरांतील पुरुषांचेंही कर्तव्य आहे. शरीरांतला रखवालदार फितूर झाला, तरी घरचे रखवालदार जागे असावेत.