शिक्षकाने पुन्हा विद्यार्थी व्हावे काय?



वर्गात वीस-बावीस वर्षे शिकवून झाल्यावर पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसावे की नाही, हा प्रश्न आमच्या व्यवसायातील पुष्कळांना चाळिशीच्या आसपास पडतो. बी.एड. होऊन बराच काळ लोटलेला असतो. मुले मोठी होऊ लागलेली असतात, आईवडील थकलेले असतात, आणि अशा वेळी एम.एड. करावे असा विचार मनात डोकावतो. शेजारी विचारतात, "आता या वयात कशाला?" घरातील मंडळी विचारतात, "पगार वाढेल काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न आज मी पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांच्या संदर्भात करणार आहे. कारण शिक्षकाच्या पुढील अभ्यासाची गरज या भागात जितकी उघड दिसते, तितकी ती इतरत्र क्वचितच दिसत असेल.

हा प्रदेश संत्र्यांचा आणि कपाशीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये होणाऱ्या गोटमारीमुळे त्याचे नाव वर्तमानपत्रांत येते. एरवी तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्या दिवसापर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी ती परराज्यातील झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. सीमा बदलल्या, कचेऱ्या बदलल्या. परंतु घरातील बोली बदलली नाही. आजही येथील असंख्य घरांत लेकरू "मले भूक लागली" असेच म्हणते, आणि त्यानंतर दप्तर घेऊन हिंदी माध्यमाच्या शाळेत जाते.

ज्या वर्षी ही पुनर्रचना झाली, त्याच वर्षी राज्यघटनेत सातवी दुरुस्ती होऊन अनुच्छेद ३५०क जोडण्यात आला. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्नशील असावे, असे तो सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षणविषयक संघटनेने, म्हणजे युनेस्कोने, १९५३ सालीच असे मत प्रसिद्ध केले होते की, शिकविण्याचे उत्तम माध्यम म्हणजे मुलाची मातृभाषा होय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथवर हेच तत्त्व मान्य केले आहे. तत्त्वाविषयी मतभेद नाही. प्रश्न उरतो तो वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचा. समोर बसलेल्या मुलाची अडचण नेमकी कोठे आहे, हे त्याला कसे कळावे?

पाहा, मराठी आणि हिंदी या सख्ख्या बहिणी. लिपी एक, शेकडो शब्द समान. म्हणूनच येथील अडचण चटकन दिसत नाही. तमिळ मूल हिंदी शाळेत आले तर त्याला भाषा येत नाही हे पहिल्याच दिवशी कळते. मराठी मुलाला ती अर्धी येते, आणि उरलेली अर्धी येत नाही हे कोणालाच कळत नाही. 'शिक्षा' हा शब्दच घ्या. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण. आमच्या घरात त्याचा अर्थ दंड. 'चेष्टा' म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'खाली' म्हणजे तिकडे रिकामे, इकडे तळाशी. 'यात्रा' तिकडे प्रवास, इकडे देवाची जत्रा. 'अभ्यास' तिकडे सराव, इकडे अध्ययन. आमच्या भाषेत तीन लिंगे, हिंदीत दोनच. त्यामुळे प्रत्येक नपुंसकलिंगी शब्दाची मुलाला नव्याने वाटणी करावी लागते. 'घर' तिकडे पुल्लिंगी होते, पण 'पुस्तक' आणि 'दुकान' स्त्रीलिंगी होतात. मूल "मेरा पुस्तक" म्हणते, शिक्षक लाल रेघ ओढतो, आणि प्रगतिपुस्तकात "भाषा कच्ची" असा शेरा पडतो. हळूहळू तो शेरा भाषेपुरता राहत नाही; "मूल मंद आहे" असे घरचेही समजू लागतात. एखाद्या मुलीच्या बाबतीत तर तेवढ्याच कारणाने शाळा सुटते. एका शेऱ्यावर केवढे ओझे असते, याची यावरून कल्पना यावी.

बी.एड. आपल्याला पाठ कसा घ्यावा हे शिकविते, आणि ते आवश्यकच आहे. परंतु पाठ नीट घेऊनही मूल का अडते, याचा पद्धतशीर शोध घेणे हे निराळे शास्त्र आहे. एम.एड.चा खरा विषय तो. आपल्या देशात या पदवीचा आरंभ १९३६ साली मुंबई विद्यापीठाने केला, असा तिचा इतिहास सांगितला जातो. शिक्षणाचा विचार अनुभवाला चौकशीची जोड देऊन करावा, ही दृष्टी आपल्याकडे ज्यांनी रुजविली त्यांत कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक यांचे नाव अग्रभागी आहे. १९४८ साली त्यांनी भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा दोन वर्षांचा केला. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, इतिहास, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र हे त्याचे एक अंग. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र हे दुसरे. प्राथमिक अथवा माध्यमिक शिक्षणाचा विशेष अभ्यास हे तिसरे. अध्यापक महाविद्यालयात जाऊन काही काळ प्रत्यक्ष काम करावे लागते, आणि शेवटी एक प्रबंधिका लिहावी लागते. पुष्कळांना भय वाटते ते या प्रबंधिकेचे. माझ्या मते मात्र साऱ्या अभ्यासक्रमाचे मोल तिच्यातच साठलेले आहे.

ते कसे, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, सौंसरच्या एखाद्या शाळेतील शिक्षिकेला असे आढळले की, पाचवीतील काही मुले गणितात सतत नापास होतात. तिने एकाच तोडीची उदाहरणे तीन प्रकारे तयार करावीत. पहिल्या प्रकारात केवळ आकडे आणि चिन्हे असावीत. दुसऱ्यात तशीच उदाहरणे हिंदी वाक्यांत, बाजारातील देवघेवीच्या रूपाने मांडलेली असावीत. तिसऱ्यात तीच मराठीत. निम्म्या मुलांना हिंदी उदाहरणे आधी द्यावीत, निम्म्यांना मराठी. म्हणजे आधी झालेल्या सरावाचा लाभ एकाच भाषेच्या पदरात पडणार नाही. मग उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. जे मूल आकड्यांची उदाहरणे बरोबर सोडविते, मराठीतील सोडविते आणि हिंदीतील चुकते, त्याचे गणित कच्चे नाही. त्याला प्रश्नच समजलेला नाही. जे मूल तिन्ही ठिकाणी चुकते, त्याला गणितच पुन्हा शिकविले पाहिजे. आणि जे आकडे सोडविते पण दोन्ही भाषांतील वाक्यांत अडते, त्याला वाचनाची मदत हवी. एका "नापास" या शब्दाखाली तीन निरनिराळी मुले दडलेली होती, आणि तिघांवरचे उपाय निराळे आहेत.

ही चाचणी घ्यायला यंत्रसामग्री लागत नाही, अनुदान लागत नाही. लागते ती शिस्त. नमुना किती मुलांचा घ्यावा, उदाहरणांची काठिण्यपातळी सारखी आहे हे कसे पडताळावे, आलेला फरक योगायोगाचा नाही हे कशावरून म्हणावे, आणि थोड्या मुलांवरून साऱ्या जिल्ह्याविषयी निष्कर्ष का काढू नये, या गोष्टी अभ्यासानेच येतात. तसेच ज्ञात्यांनी आधी केलेल्या विचाराशी ओळख होते. १९६७ साली कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे केवळ दोष नव्हेत. त्याच्या मनात भाषेचे कोणते नियम तयार होत आहेत, याचा तो पुरावा असतो. कॅनडातील कमिन्स यांनी १९७९ मध्ये असे मांडले की, मातृभाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. हे वाचलेल्या शिक्षकाला "मेरा पुस्तक" या दोन शब्दांत अज्ञान दिसणार नाही. मराठीच्या नियमाने हिंदीकडे जाऊ पाहणारे एक विचार करणारे मूल दिसेल.

आता अडचणींकडे वळू, कारण त्या लपवून कोणाचेच हित होणार नाही. २०१४ च्या नियमांप्रमाणे वर्षाला किमान 200 दिवस काम चालावे लागते, तासिका आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के, तर क्षेत्रकार्याला 90 टक्के उपस्थिती लागते. प्रवेशासाठी बी.एड. अथवा तत्सम परीक्षेत 50 टक्के गुण हवेत. राखीव गटांना नियमाप्रमाणे सवलत असते. म्हणजे सकाळी शाळा आणि दुपारी महाविद्यालय, असा मेळ बसत नाही. सरकारी शिक्षकाला अध्ययन-रजेसाठी अर्ज तरी करता येतो. खासगी शाळेतील शिक्षकाची गत निराळी असते. २०२५ मध्ये परिषदेने नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यात एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचाही विचार मांडला. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम स्वतः वाचून घ्यावेत. ऐकीव माहितीवर पैसे भरू नयेत.

ज्यांना नोकरी सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा शिक्षणशास्त्रातील एम.ए. घरी राहून करता येतो. तो एम.एड. नव्हे, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. पुढे अध्यापक महाविद्यालयात शिकविण्याचा मानस असेल, तर त्या पदासाठी कोणकोणत्या पदव्या एकत्र लागतात हे आधी पाहावे. केवळ आपल्या वर्गाची समज वाढवायची असेल, तर ही वाटही चांगली आहे.

तिसरी एक वाट आहे, आणि तिच्याविषयी सावध करणे मी कर्तव्य समजतो. "नाव घाला, फी भरा, परीक्षेला तेवढे या, हजेरीचे आम्ही पाहू," असे सांगणारे भेटतात. प्रबंधिकाही तयार मिळते म्हणतात. मुलाने दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढले तर आपण त्याला उभे करतो. त्याच मुलासमोर उद्या आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार? अशी पदवी भिंतीवर टांगता येईल. तिने वर्गातले एकही कोडे सुटणार नाही.

पगाराच्या प्रश्नाचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावयास हवे. शाळेत शिकवीत राहणाऱ्यास एम.एड.मुळे वेतन वाढेलच, अशी हमी कोणी देऊ नये. अध्यापक महाविद्यालयाचे दार त्याने उघडते, हे खरे. पण तेथील जागा थोड्या. केवळ द्रव्यलाभाच्या हिशेबाने पाहिले, तर दोन वर्षांची फी आणि बुडालेला पगार ही रक्कम लहान नाही. ज्यांच्या घरी कर्ज आहे अथवा आजारपण आहे, त्यांनी थांबणे यात कमीपणा मुळीच नाही.

राहिला वयाचा प्रश्न. कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या अनुताई वाघ १९१० साली जन्मल्या आणि १९६१ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, पदवीधर झाल्या. अभ्यासासाठी त्यांनी काम सोडले नाही, आणि कामाच्या सबबीवर अभ्यासही सोडला नाही. शिवाय चाळिशीतील विद्यार्थ्याजवळ एक धन असते, जे पंचविशीच्या विद्यार्थ्याजवळ नसते. प्रबंधिकेसाठी विषय शोधत त्याला ग्रंथालयात भटकावे लागत नाही. वीस वर्षांच्या वर्गांतील शेकडो चेहरे त्याच्या डोळ्यांसमोर असतात, आणि त्यांतील कितीतरी चेहऱ्यांवरचे प्रश्न अनुत्तरित राहिलेले असतात.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पांढुर्णा-सौंसर भागातील ज्या शिक्षकबंधू-भगिनींच्या मनात हा विचार असेल, त्यांनी प्रवेशाचा अर्ज आणण्यापूर्वी एक कोरी वही घ्यावी. आपल्या वर्गातील मुलांच्या चुका महिनाभर तीत जशाच्या तशा लिहून काढाव्यात. शेजारी त्या मुलाच्या घरात कोणती बोली बोलली जाते, एवढेच टिपावे. महिन्याच्या शेवटी वही वाचावी. तीत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा दिसू लागले आणि त्यांची उत्तरे हवीत असे मनापासून वाटले, तर वयाचा विचार न करता पुढचा अभ्यास हाती घ्यावा. तसे वाटले नाही, तरी ती वही व्यर्थ जाणार नाही. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना ती जवळ असली, तर एखाद्या मुलाच्या नावापुढे "मंद" हा शब्द लिहिण्यापूर्वी हात थोडा थांबेल.