टेबलावर ठेवलेला कागद

१९४१ सालच्या डिसेंबरांत, पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्यास पंधरा दिवस होतात न होतात तोंच, इंग्लंडचे मुख्य प्रधान चर्चिल आपले सेनाधिकारी घेऊन वॉशिंग्टनला पोंचले. दोन्ही राष्ट्रांची भाषा एकच. दुभाष्याची गरज नव्हती. या वाटाघाटींत एक टिपण निकडीचें म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं तें ‘टेबल’ करण्याची इच्छा दर्शविली, आणि घोटाळा झाला. अमेरिकनांच्या लेखीं त्याचा अर्थ असा, कीं हा कागद खणांत टाकून विसरून जावयाचा! वाद लांबला, त्यास कडवटपणाहि आला. अखेरीस उमगलें कीं, दोन्ही पक्षांस हवें होतें तें एकच. १९५० सालीं निघालेल्या आपल्या महायुद्धविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या खंडांत चर्चिल यांनींच हा प्रसंग नमूद केला आहे.

अपरिचित शब्द आला म्हणजे माणूस थबकतो, कोश उघडतो. परंतु ‘टेबल’साठीं कोश कोण उघडील?

या शब्दाचें मूळ लॅटिन. तेथें त्याचा अर्थ फळी. त्या फळीपासूनच जेवणाचें मेज झालें, गणितांतले पाढे झाले, आगगाडीचें टाइमटेबलहि झालें. हे अर्थ दूरदूरचे असले तरी एकमेकांशीं भांडत नाहींत. भांडण आहे तें क्रियापदाचें. सभेंत कागद मेजावर ठेवला. आतां पुढें काय? इंग्रज म्हणतो, सर्वांसमोर आला, चर्चा करा. अमेरिकन म्हणतो, हातांतून खालीं ठेवला, तेथेंच राहूं द्या. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत तर ‘टेबल’ करण्याच्या सूचनेवर चर्चाहि होत नाहीं, सरळ मत घेतात. ती संमत झाली कीं मूळ प्रस्ताव बहुधा संपलाच. खरें पाहतां दोघांचेंहि म्हणणें स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच तें अधिक फसवें.

हिंदुस्थानांत इंग्रजी रीत रुजली. महाराष्ट्राच्या विधिमंडळांत कागदपत्रें ‘पटलावर ठेवतात’, तीं सभासदांनीं पाहावीं म्हणून. उलट अर्थासाठीं मराठीस ‘बासनांत गुंडाळणें’ हा खणखणीत वाक्प्रचार लाभलेला असल्यामुळें येथें गल्लत होण्याचें कारण नाहीं. अर्थात् कचेरींत हेलपाटे घालणाऱ्या अर्जदारास विचारल्यास, साहेबांच्या टेबलावर गेलेला अर्ज चर्चेस गेला कीं बासनांत, हें तोहि निश्चित सांगूं शकणार नाहीं.

मुंबई-पुण्याकडील पुष्कळ तरुण आज अमेरिकेंत नोकरीस आहेत. त्यांपैकीं एखाद्यानें तेथील बैठकींत मोठ्या उत्साहानें स्वतःचीच योजना ‘टेबल’ करावी असें सुचविलें, तर मंडळी क्षणभर त्याच्याकडे पाहतील आणि त्याची इच्छा ताबडतोब मान्य करतील.