लोकांच्या नकाशाची शर्त

२००४ साली स्टीव्ह कोस्ट या तरुणाने इंग्लंडात ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा उपक्रम आरंभिला, तेव्हा त्या देशाचे उत्तमोत्तम नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याच्या दफ्तरी होते खरे, परंतु त्यांच्या वापराचे मूल्य व अटी सामान्य नागरिकाच्या आवाक्यापलीकडच्या होत्या. म्हणून रस्ता, पूल, पाणवठा, जे जे कोणी स्वतः पाहील ते त्याने नोंदवावे आणि सर्वांनी वापरावे, अशा रीतीने हा लोकांचा नकाशा सिद्ध होत गेला.

त्याच्या परवान्यात एक शर्त आहे. तिला ‘शेअर-अलाइक’ म्हणतात. नकाशामागील माहितीच्या साठ्यात भर घालून किंवा दुरुस्ती करून जो कोणी तो साठा लोकांपुढे मांडील, त्याने आपला सुधारलेला साठाही त्याच परवान्याखाली खुला करावा, हा तिचा आशय. पुष्कळांस ती जाचक वाटते. परंतु तिचे क्षेत्र ते समजतात त्याहून आकुंचित आहे. एखाद्या प्रकाशकाने या माहितीवरून प्रवासपुस्तिकेचा नकाशा छापला, तर त्या चित्राचे हक्क तो स्वतःकडे राखू शकतो. श्रेयाची ओळ तेवढी छापावी लागते. मात्र त्यासाठी त्याने साठ्यातील चुकलेले रस्ते दुरुस्त केले असतील, तर ती दुरुस्ती त्याला दडवून ठेवता येत नाही. त्या रस्त्यांशेजारी स्वतः जमविलेली उपाहारगृहांची संपूर्ण यादी त्याने मांडली, तर यादी त्याचीच. पण निम्मी उपाहारगृहे लोकांच्या साठ्यातून उचलून उरलेली पदरची मिसळली, की त्या मिश्रणास शर्त लागू झाली. कचेरीच्या चार भिंतींआड केलेल्या वापराचा हिशेब कोणी मागत नाही.

या शर्तीपायी किंमतही मोजावी लागली. प्रारंभीचा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लेख-चित्रादी कृतींसाठी योजलेला. नुसत्या वस्तुस्थितीच्या नोंदींवर लेखनहक्क पोहोचतो की नाही, याविषयी देशोदेशीच्या कायद्यांत एकमत नाही. म्हणून १२ सप्टेंबर २०१२ पासून माहितीसाठ्यांसाठीच रचलेला ‘ओपन डेटाबेस’ परवाना लागू झाला, आणि तत्पूर्वी प्रत्येक नोंदकाची संमती मागून, ज्यांनी ती नाकारली किंवा ज्यांचे उत्तरच आले नाही, त्यांच्या नोंदी नकाशातून वगळण्यात आल्या. पायपीट करून नोंदविलेल्या वाटा अशा पुसल्या जाव्यात, हे मनाला लागते. तथापि दुसऱ्याच्या श्रमावरील शर्त त्याच्या संमतीवाचून बदलू नये, हा न्याय त्यात पाळला गेला, याचे मोल मला अधिक वाटते.

आजही विकिडेटासारख्या, कोणतीच शर्त न घालणाऱ्या साठ्यात ही माहिती घाऊक ओतता येत नाही. ही अडचण खरी आहे, आणि ती सोसण्याजोगी आहे. कारण शर्त नसती, तर लोकांकडून घेतलेला नकाशा सुधारून कुलपात ठेवण्यास कोणालाच मज्जाव राहिला नसता.

तेव्हा आपणांपैकी जे कोणी शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा पुस्तकाच्या कामी हा नकाशा वापरतील, त्यांनी कोपऱ्यातील श्रेयाची ओळ पुसू नये, आणि आपल्या वाडीचे नाव त्यात चुकलेले आढळल्यास ते केवळ आपल्या प्रतीत न सुधारता मूळ नकाशातही सुधारावे, ही विनंती.