बॅटरी बदलताना चार्जरकडेही बघा
(रेडिओवरील भाषण)



रायपूर स्टेशनच्या पलीकडे गुढियारी आहे. ठोक किराण्याची दुकानं, गोदामं आणि स्टेशनाच्या त्या अंगाला सवारीची वाट पाहत उभ्या असलेल्या ई-रिक्षा. मे महिन्यात इथं पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. अशा वेळी वीज गेली की दुकानातला काटा, दिवा, पंखा सगळं जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर येतं. ती बॅटरी बहुधा शिशाची आणि आम्लाची असते. गॅस्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 साली शोधलेली ही रचना अजूनही आपल्या घरात, गाडीत काम करते आहे. पण आता दुकानदार सांगतात, ‘लिथियम घ्या, त्याच जागेत बसते, वायर काढा आणि लावा.’ जागेत ती बसते, यात खोटं काही नाही. पण तिला वीज भरणारा चार्जर तसाच जुना राहतो, आणि धोका तिथं आहे. आज मला मुख्यतः तेवढंच सांगायचं आहे.

लिथियम घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. शंभर अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी तीसएक किलोची असते, लिथियमची बारा-तेरा किलोंत येते. शिशाची निम्म्याखाली उतरवत राहिलं तर ती लवकर मरते. लिथियमची ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि हजारो वेळा भरता येते. पाणी टाकायला नको, टर्मिनलवर हिरवा-पांढरा गंज नको. फायदा खरा आहे.

मात्र ‘लिथियम’ हे एका घराण्याचं नाव आहे, त्यातले सगळे सारखे नाहीत. घरात आणि दुकानात आणायची ती लिथियम आयर्न फॉस्फेटचीच, जिला बाजारात एलएफपी म्हणतात. हा पदार्थ टेक्सासच्या विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आला. 1997 साली त्यावर जो निबंध छापला गेला त्यावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे आणि सोबत नंजुंडस्वामींचंही. या पदार्थातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून सेल तापला तरी तो सहजी सुटत नाही. निकेल-कोबाल्टच्या सेलमध्ये तो लवकर सुटतो आणि आगीला आतूनच हवा मिळते. मोडलेल्या स्कूटरमधले सेल काढून, पट्टीनं गुंडाळून विकलेला स्वस्त पॅक कोणत्या जातीचा आहे हे बाहेरून कळत नाही. तो घेऊ नका. चार पैसे वाचतील, पण झोपायच्या खोलीत तो ठेवायचा असेल तर ते पैसे वाचलेलेच नाहीत.

आता चार्जर. शिशाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे, पूर्ण भरल्यावर साधारण 12.7 व्होल्ट. एलएफपीमध्ये चार सेल, प्रत्येकी 3.2, म्हणजे 12.8. आकडे इतके जवळ आहेत म्हणून तर ‘काढा आणि लावा’ म्हणतात. भरताना मात्र दोघींची वागणूक वेगळी आहे. शिशाच्या बॅटरीचे कप्पे सारखे करण्यासाठी काही चार्जर अधूनमधून 15 व्होल्टच्या वर जातात. त्यानं थोड्या पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजन सुटतो, आणि बॅटरी ते सोसते. एलएफपीची मर्यादा 14.6 व्होल्टची. त्यावर गेलं की आतलं नियंत्रण मंडळ, म्हणजे बीएमएस, वीज तोडतं. बरेच जण म्हणतात, ‘मग काय, बीएमएस आहे ना!’ आहे, पण तो शेवटचा पहारेकरी आहे. त्याच्यावर रोजचं काम टाकलं तर एक दिवस त्याचा स्विच चिकटतो, आणि मग अडवणारं कुणीच उरत नाही.

म्हणून इन्व्हर्टरवर ‘लिथियम’ अशी सोय आहे का, ते आधी पाहा. नसेल तर बॅटरीबरोबर इन्व्हर्टरही बदलायचा, हे खर्चात आधीच धरा. जुन्या आणि नव्या बॅटऱ्या एकत्र जोडून ‘दोन्ही वापरू’ हा विचारही सोडून द्या; एक दुसरीला उतरवत किंवा फाजील भरत राहील.

रिक्षावाल्या भावांसाठी एक हिशेब सांगतो. चार शिशाच्या बॅटऱ्या ओळीनं जोडून 48 व्होल्ट होतात आणि त्यांचा चार्जर 58-59 व्होल्टपर्यंत जातो. निकेल जातीच्या तेरा सेलच्या पॅकलाही बाजारात ‘48 व्होल्ट’च म्हणतात, पण त्याची कमाल आहे 54.6. जुना चार्जर त्याला लावला तर चार व्होल्ट जादा, तेही रात्रभर, घराच्या दारात. कागदावर नाव एकच असलं तरी चार्जर एक चालत नाही. पॅकबरोबर येणाराच चार्जर वापरा आणि तो शेजाऱ्याला उसना देऊ नका.

चारचाकीत आणखी एक गोष्ट आहे. गणपतीच्या मिरवणुकीतल्या गाडीत दिव्यांसाठी, किंवा लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या गाडीत फ्रिजसाठी, दुसरी बॅटरी बसवतात आणि ती सरळ इंजिनाच्या आल्टरनेटरला जोडतात. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच कमी वीज ओढते. लिथियम शेवटपर्यंत हपापल्यासारखी ओढत राहते. मिरवणुकीत गाडी जागेवर गुरगुरत उभी असते, आल्टरनेटरचा पंखा मंद फिरतो, आणि वेटोळी तापून जळतात. शिवाय बीएमएसनं मध्येच वीज तोडली तर क्षणभर व्होल्टेज उसळतं आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जातात. याला उपाय आहे: दोघांच्या मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवायचा, जो ठरावीक वीस-तीस अँपिअरच पुढे जाऊ देतो. इंजिन चालू करणारी मूळ बॅटरी मात्र शिशाचीच राहू द्या. बॉनेटखालची उष्णता लिथियमला मानवत नाही. विजेवरच्या मोटारीतही बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. तिच्या जागी कंपनीनं सांगितलं असेल तेच बसवा.

उष्णतेवर थोडं आणखी बोलायला हवं, कारण आपण रायपुरात राहतो. बहुतेक उत्पादक भरण्याची वरची मर्यादा 45 ते 55 अंशांच्या दरम्यान सांगतात. पत्र्याच्या गोदामात दुपारी हवाच तेवढी तापते. बॅटरी उत्तरेच्या भिंतीला, जमिनीलगत, मोकळ्या हवेत ठेवा. जिन्याखाली नको. आग लागली तर वरच्या मजल्यावरच्या माणसांची खाली यायची वाट तीच असते.

फ्यूजविना लिथियम जोडूच नये. तिच्या टोकांवर पाना पडला तर क्षणात हजारो अँपिअर वाहतात. फ्यूज धन टोकापासून वीतभर अंतरात हवा, आणि डीसीसाठी बनवलेला. घरातला एसी एमसीबी इथं चालत नाही: घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा ठिणगी विझते, बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. वायरही मोजून घ्या. हजार वॉटचा भार बारा व्होल्टवर शंभरएक अँपिअर ओढतो. काम करताना अंगठी, कडं काढून ठेवा. सोडताना ऋण टोक आधी, जोडताना ते शेवटी.

5 एप्रिल 2024 ला गुढियारीत वीज कंपनीच्या भांडारात ट्रान्सफॉर्मरना आग लागली होती. त्याचा बॅटऱ्यांशी काही संबंध नव्हता, पण तो काळा धूर ज्यांनी पाहिला त्यांना धुराची भीती वेगळी समजावायला नको. लिथियमच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, फुप्फुसं जाळणारा. बॅटरी फुगली, गोडसर वास आला, फुस्स आवाज झाला, तर विझवत बसू नका. माणसं बाहेर काढा, दार लावून घ्या, 112 ला फोन करा. सेल थंड करायला भरपूर पाणी लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं. पुण्यात 2022 च्या मार्चमध्ये रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटली. त्या वर्षीच्या अशा आगींनंतर सरकारनं एआयएस 156 या मानकात बॅटरीचे नियम कडक केले. गाडीसाठी पॅक घेताना त्या प्रमाणपत्राची प्रत मागा. देता येत नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.

राहिली जुनी बॅटरी. हा विषय मला सर्वांत जवळचा वाटतो. तिच्यातलं शिसं भंगारात चांगल्या भावानं जातं, म्हणूनच कुणी ती गल्लीत फोडतं, आम्ल गटारात ओततं आणि शिसं उघड्यावर वितळवतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात घातक प्रमाणात शिसं असल्याचा अंदाज दिला आहे. ते मेंदूत जातं आणि गेलेली बुद्धी परत येत नाही. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवी घ्यायला जाताना जुनी उभीच, न सांडता, सोबत न्या, अधिकृत विक्रेत्याकडे द्या आणि बिलावर तिची किंमत वेगळी लिहून घ्या. भंगारवाल्यानं शंभर-दोनशे रुपये जास्त देऊ केले, तरी त्याला देऊ नका.