मायेला दलाल लागत नाही



धर्म कुठून आला हे शोधायला वेदांपर्यंत जायचं कारण नाही. आपल्या नगर जिल्ह्यातली नेवाशाची माती बघा. १९५४ ते ५६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी ती खणली. तीन हजार वर्षांहून जुन्या घरांच्या जमिनीखाली काय निघालं? मेलेली लेकरं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत पोर. वर संसार चालू. मेलं तरी पोर घराबाहेर काढवेना.

याच जोर्वे संस्कृतीच्या इनामगावात, पुणे जिल्ह्यात, मोठी माणसं घोट्याखाली पाय तोडून पुरलेली सापडली. मेलेला परत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क.

म्हणजे मुळाशी दोन गोष्टी. माया आणि भीती. यात लाजण्यासारखं काही नाही. पाऊस पडेना, पोराचा ताप उतरेना, तर माणूस हात जोडणारच. पण मायेला दलाल लागत नाही. भीतीला लागतो. आणि दलाल आला की मेलेल्याचे पाय सोडून जिवंतांच्या पायांवर येतो. इथवर ये, पुढं येऊ नको!

त्याच नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर. घरांना दारं नाहीत म्हणून जगभर कौतुक. पण शनीच्या चौथऱ्यावर बाईला बंदी. बायांनी आंदोलन केलं, प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हा कुठं ८ एप्रिल २०१६ ला ती उठली. जवळच सोनई. तिथं १ जानेवारी २०१३ ला मेहतर समाजाची तीन पोरं मारली. राग कशाचा? त्यातल्या एकाच्या वरच्या जातीतल्या मुलीशी असलेल्या प्रेमाचा. नाशिकच्या कोर्टानं २०१८ साली सहा जणांना फाशी सुनावली. घरांना दारं नव्हती. जातीला होती, आणि कुलूपही होतं.

कुणी म्हणेल, ही जात झाली, धर्माचा काय संबंध? बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय: जात शास्त्रांच्या पवित्रपणावर उभी आहे, तो पाडल्याशिवाय ती पडणार नाही. लाहोरच्या मंडळाला ते भाषण झेपलं नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. वीस वर्षांनी नागपूरला त्यांनी धम्म घेतला. त्यात मध्यभागी देव नाही, माणसानं माणसाशी कसं वागावं हा प्रश्न आहे.

तेव्हा कुठलाही धर्म समोर येऊ द्या, आपलासुद्धा. त्याला एकच विचारा: तू पोराला उराशी धरणाऱ्यांचा, की पाय तोडणाऱ्यांचा?