हिंमत शाह : मातीचा शिल्पकार

शिल्पकाराने घडविलेले मस्तक पाहताच ते कोणाचे, असा प्रश्न मनात येतो. चौकाचौकांतील पुतळ्यांनी आपल्या दृष्टीला ही सवय लावून ठेविली आहे. हिंमत शाह यांच्या मस्तकांपुढे मात्र हा प्रश्न निरुत्तर होतो. ती कोणा एकाची नव्हेतच. डोळ्याच्या जागी एखादी खाच, नाकाच्या जागी नुसता उंचवटा, अंगावर ओरखडे आणि ठसे. एवढ्यावरच ती उभी आहेत. तरीही त्यांच्यासमोरून पाय लवकर निघत नाही.

हिंमत शाह यांचा जन्म 1933 साली गुजरातेत लोथल येथे एका जैन कुटुंबात झाला. याच लोथलच्या टेकाडात 1955 पासून उत्खनन होऊन सिंधू संस्कृतीचे नगर उजेडात आले. भावनगरच्या ‘घरशाळे’त जगुभाई शाह यांच्या हाताखाली त्यांनी कलेचे पहिले धडे घेतले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्यास आले. तेथे मूळचे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन् हे त्यांचे गुरू होते. बेंद्रे यांचा रंगांवरील अधिकार आणि सुब्रमण्यन् यांची लोककारागिरीविषयीची आस्था, असा दुहेरी वारसा त्या विद्यालयात विद्यार्थ्यांना लाभत असे.

1963 साली दिल्लीत ‘ग्रुप 1890’ या बारा कलावंतांच्या मंडळाचे प्रदर्शन भरले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. सूचीची प्रस्तावना मेक्सिकन कवी ओक्ताव्हियो पाझ यांनी लिहिली. पाश्चात्त्यांचे अनुकरण नको आणि परंपरेचे भावुक पुनरुज्जीवनही नको, अशी या मंडळाची भूमिका होती. हिंमत शाह यांनी तेथे जळक्या कागदांची चिकटचित्रे मांडली. रंगाऐवजी अग्नीनेच कागदावर आपली खूण उमटविली होती. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी मुद्राचित्रणाचा अभ्यास केला. तेथून परतल्यावर अहमदाबादेतील सेंट झेवियर्स शाळेच्या भिंतींवर विटा व सिमेंट यांची भव्य उत्थितशिल्पे उभारली.

कागद असो, वीट असो वा माती असो, त्यांची दृष्टी एकच होती. कलावंताने आपली कल्पना द्रव्यावर लादू नये. द्रव्याच्या स्वभावाला वाव देऊन त्यातूनच रूप प्रकट होऊ द्यावे. दिल्लीच्या गढी येथील कलाकेंद्रात, आणि पुढे जयपुरात, ते याच श्रद्धेने मातीशी झटत राहिले. माती सुकताना आकसते, भट्टीत तडकते. तिच्याशी घाई चालत नाही. या वाटेवर लौकिकही सावकाशच येतो. त्यांच्या समग्र कार्याचे मोठे प्रदर्शन दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयात भरले ते 2016 साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी.

नाव नसलेले मस्तक ही केवळ शोभेची वस्तू तर नव्हे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर लोथलच्या मातीतच आहे. उत्खननात सापडलेल्या खापराचा कुंभार कोण, हे कोणासही ठाऊक नाही. पण मानवी हाताचा स्पर्श त्यावर शिल्लक असतो आणि तो ओळखू येतो. हिंमत शाह यांनी व्यक्तीचे साम्य सोडले ते हा स्पर्श राखण्यासाठी. 2 मार्च 2025 रोजी जयपुरात त्यांचे निधन झाले. हात थांबले आहेत. बोटांचे ठसे मात्र भाजलेल्या मातीत कायम आहेत.